बाळ काचेबाहेर सोडताना आजीला काचेआत घ्या

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव, धुळे, नंदुरबार,
तसंच तिन्ही जिल्ह्यांतल्या सरकारी आणि खाजगी नवजात शिशू विभागांतले डॉक्टर आणि सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. गावातली निम्मी तरणी पोरं माझ्या टांगत्या साल्टर वजनकाट्याला लटकून, रडून, मोठी झाली आहेत. कोणाचं वजन किती, कोणाला जंत आहेत, कोणाच्या आईला दूध कमी आहे, हे मला वही न उघडता सांगता यायचं. हे मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. एवढं सगळं येत असलेल्या बाईच्या घरात तिची स्वतःची नात आठ दिवसांत चाळीस ग्रॅमनी उतरली, आणि त्यात त्या बाईचाही हात होता, म्हणून लिहिते आहे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बत्तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं, पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. त्याच रात्री सिझेरियन झालं. नात १ किलो ५२० ग्रॅमची. रडली तीही मांजराच्या पिल्लासारखी. लगेच काचेत, म्हणजे नवजात शिशू विभागातल्या पेटीत, गेली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, सरकारी की खाजगी तेही नाही. त्यांनी पोर जगवली, तेव्हा तक्रार करायला मी बसलेले नाही. सव्वीस दिवसांनी वजन १ किलो ७६० झालं आणि सुट्टी मिळाली.

सुट्टीचा दिवस आठवा. तुमच्या इथे तो रोजचाच असेल. अकरापासून फाईल फिरत होती. जावई एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. मी आणि विहीणबाई बाहेर बाकावर पिशव्या, थर्मास आणि दुपटी सांभाळत बसलेल्या. आत लेकीला सिस्टरांनी उभ्या उभ्या सांगितलं: दर दोन तासांनी पाजा, उबेत ठेवा, हे ड्रॉप द्या, आठ दिवसांनी दाखवा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेकीनं मान हलवली. सव्वीस दिवस नीट न झोपलेली, पोटावर टाके असलेली पोरगी ती. मान हलवण्यापलीकडे काय करणार?

आता घरी काय होतं ते सांगते, कारण ते तुम्हाला काचेतून दिसत नाही. खान्देशात बाळंतिणीच्या खोलीत बाळंतिणीचं काही चालत नाही. सव्वा महिना तरी नाहीच. बाळाला कधी न्हाऊ घालायचं, काय चाटवायचं, कधी उचलायचं, कधी निजू द्यायचं, हे आजी ठरवते. आमच्या घरात तर दोन आज्या. विहीणबाई साक्रीकडच्या. पाच लेकरं वाढवलेली बाई, अहिराणीशिवाय बोलत नाही, आणि तिचा शब्द म्हणजे शब्द. पहिल्याच रात्री अलार्म वाजला, लेक उठून बाळाला हलवू लागली, तशा विहीणबाई म्हणाल्या, "झोपेल लेकरूले उठाडू नही." आणि मी, एकतीस वर्षं पोषणाचे तक्ते भिंतीला लावणारी, मीही म्हटलं, "निजू दे गं, भूक लागली की रडेल आपोआप."

ती रडलीच नाही. चार-चार, पाच-पाच तास निजायची. आम्ही दोघी कौतुक करायचो, किती गुणाची पोर आहे, त्रास म्हणून नाही. छातीला लावली की पाच मिनिटं चोखायची आणि डोळे मिटायची. आम्हाला वाटायचं, पोट भरलं.

आठव्या दिवशी दाखवायला नेलं. काट्यावर १ किलो ७२०. या वयाच्या बाळानं घरी आल्यावर दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅमनी वाढायला हवं. म्हणजे आमची दीडशे-दोनशे ग्रॅमनी वर असायला हवी होती. ती खाली होती.

त्या दिवशी ड्यूटीवर एक वयानं मोठ्या सिस्टर होत्या. त्या लेकीला एक शब्द बोलल्या नाहीत. विचारलं, "घरात बाळाचं कोण बघतं?" आणि आम्हा दोघींना आत बोलावलं. चपला काढायला लावल्या, हात कोपरापर्यंत धुवायला लावले, आणि चाळीस मिनिटं शिकवलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी जेवढी प्रशिक्षणं घेतली, त्यांत असं एकही नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य असं होतं: पोट भरून झोपलेलं बाळ आणि दमून झोपलेलं बाळ बाहेरून सारखंच दिसतं. पूर्ण दिवसांचं मूल भूक लागली की घर डोक्यावर घेतं, आपण सगळ्या आज्या तेच बघत आलो. अपुऱ्या दिवसांच्या मुलाकडे रडायलाही ताकद शिल्लक नसते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टींचा मेळ पोटात चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसायला लागतो, पक्का व्हायला आणखी वेळ जातो. आमची घरी आली तेव्हा पोटातले दिवस धरून छत्तिसाव्या आठवड्यात होती. चोखता येत होतं, पण पाच मिनिटांत दम निघत होता. म्हणून तिला उठवायचं. तळपायाला बोटानं हळूच घासायचं, दुपटं काढायचं, आणि दोन तास झाले की पाजायचं, रात्रीसुद्धा. तिच्या भुकेची वाट बघत बसायचं नाही.

विहीणबाईंचं चुकलं नव्हतं हो. त्यांचं शहाणपण दुसऱ्या बाळाचं होतं.

मग हिशेब. आधी छातीला लावायचं. चोखून दमली की उरलेलं दूध हातानं पिळून वाटीत काढायचं आणि चमच्यानं द्यायचं. दिवसभरात वजनाच्या किलोमागे साधारण दीडशे ते एकशे ऐंशी मिली. तिच्या वजनाला वरच्या आकड्यानं दिवसाचे तीनशेच्या वर, बारा वेळांत वाटले तर एका वेळेला पंचवीसेक. पाच मिलीच्या चमच्यानं पाच चमचे, वर एक सांडण्यासाठी. हा हिशेब आमच्या नातीचा. प्रत्येक बाळाचा तुमच्या डॉक्टरांनी वेगळा मांडून द्यावा, म्हणून तर लिहिते आहे. "दर दोन तासांनी पाजा" हे मला पाठ होतं. "पाच चमचे" हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चमचा आम्हाला कळतो, मिली नाही.

दूध पिळायचं कसं तेही दाखवलं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. निपल ओढायचं नाही. सुरुवातीचं दूध पातळ येतं, शेवटचं दाट आणि स्निग्ध, वजन त्यानं धरतं, म्हणून छाती अर्धवट सोडायची नाही. आणि एक गोष्ट ऐकून लेकीच्या डोळ्यांतच पाणी आलं. दिवसाआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिल्या काही आठवड्यांत प्रथिनं जास्त असतात, जणू शरीराला ठाऊक असतं की पोर लवकर आली आहे. इतके दिवस तिला वाटत होतं की तिच्या अंगानंच काहीतरी कमी ठेवलं.

पिशवीतून विहीणबाईंनी बोंडलं काढलं तेव्हा मला वाटलं आता बोलणी बसणार. चांदीचं, त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं. सिस्टरांनी ते हातात घेतलं, चोचीतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वापरा की. आम्ही चमचा-वाटी सांगतो ते याचंच दुसरं रूप आहे." फक्त तीन अटी. दरवेळी घासून दहा मिनिटं उकळायचं. बाळाला आडवं नाही, अर्धवट बसतं धरायचं. आणि दूध ओतायचं नाही; चोच खालच्या ओठाला टेकवायची, तिनं जिभेनं ओढून गिळलं की मग पुढचा घोट. बाटली मात्र नको, निपल नीट धुतलं जात नाही आणि पोर छाती सोडते. त्या दिवसापासून आमच्या घरात दोन तासांच्या अलार्मची मालकीण विहीणबाई झाल्या. लेक दमून म्हणायची, "राहू दे ना एक वेळ," तर त्या बोंडलं घेऊन उभ्या. पुढच्या सात दिवसांत पोर एकशे नव्वद ग्रॅमनी वाढली.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. बाळाला सुट्टी द्यायच्या आधी दोन दिवस घरातल्या आजीला आत घ्या. आजी नसेल तर मावशी, जाऊ, नणंद, जी कोणी घरी बाळाचं बघणार आहे ती. तिच्या हातानं बाळाला एकदा उठवून पाजून घ्या, एकदा उकळून घेतलेल्या चमच्यानं दूध द्यायला लावा, आणि ती चुकली तर तिथंच टोका. तिच्या हातून चार वेळा नीट पाजून झालं नाही, तोवर सुट्टीच्या कागदावर सही करू नका. संसर्गाची भीती आहे हे मला कळतं. हात धुवायला लावा, चपला काढायला लावा, गर्दी नको म्हणून एकेकीला घ्या. पण बाकावर बसवू नका. बाकावर बसलेली आजी घरी गेल्यावर मुख्य डॉक्टर असते.

आणि हे शिकवता येत नाही असं मला कोणी सांगू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत करून बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यांचे आकडे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालं होतं. त्यावरूनच पुढे २०११ मध्ये आशांच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर आला. तिथल्या बायका शिकल्या, तर बोंडल्यानं पाच लेकरं वाढवलेली खान्देशी बाई का शिकणार नाही?

आशांचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब तुमच्यापुढे ठेवते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. दिवस मोजायचे जन्मापासून. आमची नात घरी आली सव्विसाव्या दिवशी. म्हणजे सहांपैकी चार भेटी ती काचेत असतानाच उलटून गेल्या, उरल्या दोन. ज्या बाळाला सगळ्यात जास्त भेटी हव्यात त्याला सगळ्यात कमी. काचेतून आलेल्या बाळाकडे घरी पोचल्याबरोबर जावं असं आशांना शिकवतात, पण पोचलं हे तिला कळवणार कोण? आमच्या आशाला किराणा दुकानात कळलं, तेही पाचव्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी विभागातून आशाला एक फोन गेला तर काय खर्च येतो? आणि पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड वजन. त्यासाठी काटाही बरा द्या. माझ्या अंगणवाडीतल्या साल्टर काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा होत्या, तिथं वीस ग्रॅमची वाढ म्हणजे काटा नुसता थरथरतो. आता डिजिटल काटे आले आहेत म्हणतात. सेल संपले की ते कपाटात जातात, हेही मला माहीत आहे.

आता आमच्याकडच्या काही गोष्टी, ज्या छापील पत्रकात नसतात.

पहिली म्हणजे ऊन. नात वैशाखात घरी आली. बाहेर चव्वेचाळीस अंश. जळगाव-भुसावळकडे त्याहून वर. पत्रकात लिहिलेलं असतं, काढलेलं दूध खोलीत चार तास चालतं. ते चार तास पंचवीस अंशांच्या खोलीचे आहेत. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत पंचवीस अंश पौषात असतात. तिथं काढलेलं दूध लगेच पाजा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, असं स्पष्ट सांगा, आणि फ्रिज नसलेल्या घराला ठेवायला सांगूच नका. दुसरं, उन्हाळ्यात "घसा सुकला असेल" म्हणून साखरेचं पाणी. मीही दोन चमचे दिले, लपवत नाही. आईच्या दुधात लागेल तेवढं पाणी असतं, सहा महिने वरून थेंबही लागत नाही. एवढ्याशा पोटात पाण्याचे दोन चमचे गेले की दुधाचे दोन चमचे बाहेर राहतात. तिसरं, कूलर. त्याचा झोत थेट अंगावर घेऊन बाळ गार पडतं आणि उब राखण्यातच त्याचं दूध जळतं. उलट कोणी भर उन्हात तीन टोपरी घालतं. पोट गरम आणि पाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजते, ही एक खूण आजीला दिलीत तरी पुष्कळ.

जुन्या काळी आमच्याकडे असं बाळ कापसात ठेवायचे. कापसाचाच मुलूख आमचा, घरात रुईला काय तोटा. माझ्या आजेसासूचा धाकटा भाऊ कापसात वाढला असं सांगायचे. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" ही म्हणही तेव्हाचीच, आणि ती साफ खोटी आहे. पोटात एक आठवडा जास्त राहिलं की बाळाला तेवढा फायदाच होतो. पण कापसामागचा विचार खोटा नव्हता. कोलंबियात बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली, त्याला आता कांगारू पद्धत म्हणतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसातले आठ ते चोवीस तास हे करावं, घरीसुद्धा. छातीवर बांधलेलं बाळ उबेत राहतं, त्याची ताकद वाढीला लागते, आणि आईलाही दूध उतरतं. लेक जेवायला, अंघोळीला उठली की मी बांधून घ्यायचे. एकदा जावयानं बांधली, शर्टाची बटणं उघडून ओट्यावर बसला. गल्लीतली पोरं बघायला आली. त्याला लाज वाटली, तरी उठला नाही.

गुटीबद्दल मी लांबण लावत नाही. सहाण, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, खारीक, सगळं विहीणबाईंनी आणलं होतं. मध पण. सहाणेवर उगाळलेल्या पाण्यातून अशा बाळाच्या आतड्यात काय जाईल याचा नेम नाही, आणि मध तर वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला नको. नुसतं "नको" म्हटलं असतं तर त्यांनी माझ्यामागे चाटवलं असतं. सिस्टरांनी त्यांना हातातलं काम दिलं, म्हणून सहाण आपोआप फळीवर गेली.

डब्याच्या दुधाचं मात्र लांबवायला हवं. वजन उतरल्याचं कळताच जावई मेडिकलमधून डबा घेऊन आला. दुकानदारानंच सुचवला. १९९२ चा कायदा आहे आपल्याकडे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने द्यायचे नाहीत, डॉक्टर-नर्सांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत. तरी डबा घरात येतो, कारण "मायनं दूध पुरस नही", आईचं दूध पुरत नाही, हे वाक्य बोलायला कोणालाही परवाना लागत नाही. आला की तो महाग असतो, म्हणून पुरवून वापरतात. तीन चमच्यांच्या जागी दोन. पाण्याला पांढरा रंग येतो, बाळाचं पोट तुंबतं, वजन मात्र जागच्या जागी. शिवाय ती पावडर जंतुविरहित नसते, हे मला साठीत कळलं. दिवस न भरलेल्या बाळाला त्यातल्या जंतूंचा धोका जास्त, म्हणून पाणी उकळून, ते निदान सत्तर अंश गरम असतानाच पावडर टाकायची आणि नंतर निववायचं असतं. काही बाळांना वरचं दूध किंवा दुधात घालायची पावडर लागते, आईचं दूध खरोखर नसतं, आई राहत नाही. अशांना डॉक्टरांनी लिहून द्यावं आणि ढवळून, मोजून दाखवावं. मला डब्याचा राग नाही. डबा दुकानदारानं लिहून देण्याचा आहे.

सुट्टीला दिलेले ड्रॉप. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे. दोन बाटल्या, दोन ड्रॉपर, दोन्हीवर बारीक इंग्रजी. कोणती बाटली किती रेघेपर्यंत, हे मार्करनं बाटलीवरच मराठीत लिहून द्या. लोहानं शी काळी होते हे आधी सांगा, नाहीतर आजी ते ड्रॉप मोरीत ओतते. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हायला हवी, तिची तारीखही त्याच कागदावर मोठ्या अक्षरात हवी.

आता माझ्या स्वतःच्या खात्याबद्दल, म्हणजे जे होतं त्या खात्याबद्दल. अंगणवाडीच्या तक्त्यावर बाळाचा रंग जन्मतारखेवरून ठरतो. आठ आठवडे आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं की तक्ता त्याला चार महिन्यांचं धरतो. खरं तर वाढीसाठी ते दोन महिन्यांचं असतं. साहजिकच लाल रंगात जातं. मग सेविका आईला बोलते, सुपरवायझर सेविकेला बोलते. मी एकतीस वर्षांत अशा किती आयांना ओट्यावर उभं करून ऐकवलं असेल. "खाऊ घालत नाहीस का गं नीट?" त्यांतल्या काहींची बाळं दिवस धरून, म्हणजे दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजून, अगदी व्यवस्थित होती. सुट्टीच्या कार्डावर खऱ्या तारखेशेजारी "दिवस भरले असते ती तारीख" एवढं एक जास्त लिहा. वजन, उंची, बसणं, रांगणं, वरचं अन्न, सगळं त्या दुसऱ्या तारखेवरून. लसी मात्र पहिल्या तारखेवरूनच.

वरच्या अन्नावरून आमच्याकडे मोठं रामायण झालं. रीत अशी की मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात. विहीणबाईंनी पाचवा धरला. पाचव्यात आमची पोर दिवस धरून जेमतेम तीन महिन्यांची होत होती, मान नीट धरेना. दिल्लीतल्या रुग्णालयांत चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर याचाच अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये छापून आला. दिवस धरून चार महिने पूर्ण झाल्यावर अन्न सुरू केलेल्या बाळांचं वजन वर्षाला काही जास्त भरलं नाही, उलट दवाखान्यात भरती व्हायची वेळ त्यांच्यावर जास्त आली. सहा महिने थांबलेली बरी राहिली. हे विहीणबाईंना सांगून काय उपयोग? मी पंचांग घेतलं आणि बोटं मोजली. दिवस धरून सहा महिने म्हणजे जन्मापासून आठ पूर्ण, म्हणजे नववा लागतो. नववा विषम! विहीणबाई खूश, डॉक्टरही खूश. मामाच्या मांडीवर बसून पोरीनं खीर चाटली आणि लगेच थुंकली.

मी पारोळ्याची. माझ्या गावातून डांबरी रस्ता आहे, तासाभरात दवाखाना गाठता येतो. नंदुरबारच्या साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे की धडगाव-अक्कलकुव्याकडे काय होतं. पाड्यावरून बाई झोळीत घालून खाली आणावी लागते. तिथली आजी पावरी बोलते किंवा भिलोरी, तिला माझी मराठीसुद्धा परकी. तिला कागद देऊन काय होणार? तिच्या बोलीतली एखादी बाई विभागात दिवसातून दोन तास बसवा, तिच्या हातात वाटी-चमचा द्या. आणि दिवाळी झाली की ते कुटुंब उसतोडीला गुजरातेत जातं. दोन किलोचं बाळ उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत, आई कोयता चालवते आहे, दोन तासांनी पाजायला कोण थांबवणार? तिथं आजी हीच एक आशा. ती बरोबर गेलेली असते, लेकरं सांभाळायलाच नेलेली असते. तिला शिकवून पाठवलं तर निदान फडावर एक जाणती बाई असेल.

आणि आईच्या जेवणाचं बघा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतिणीला मोफत जेवण आहे, साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात. आमची पोर आत होती सव्वीस दिवस. आठव्या दिवसापासून आईनं काय खायचं? आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून स्तनदा मातेला चौरस जेवण मिळतं, पण ते शिजतं तिच्या गावच्या अंगणवाडीत आणि ती बसलेली असते दीडशे किलोमीटरवर, काचेबाहेर. बायका वडापाव आणि चहावर दिवस काढतात आणि सिस्टर विचारतात, दूध का कमी झालं. बाळ आत असेपर्यंत आईला दोन वेळची भाकरी, दूध काढायला आडोशाची एक खोली आणि रात्री पाठ टेकायला खाट. स्तनपान व्यवस्थापन केंद्रांसाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, मुंबईच्या सायन रुग्णालयात तर १९८९ पासून आईच्या दुधाची बँक आहे, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. तेव्हा हे काही मी नवीन मागत नाही.

डॉक्टरांकडे वेळ नाही, सिस्टर कमी आहेत, हे मला दिसतं. एका सिस्टरकडे किती पेट्या असतात ते सव्वीस दिवस काचेतून मोजलं आहे मी. म्हणून माझ्याकडून एक सोय सांगते. मंगळवार आणि शुक्रवार मी मोकळी असते. एस.टी.ला बाईचं अर्धं तिकीट लागतं. तिन्ही जिल्ह्यांतल्या ज्या विभागाला हवं असेल तिथं मी येऊन आज्यांना चमच्यानं पाजायला शिकवीन, मानधन नको. आधी मला तुमच्या सिस्टरांनी परत एकदा तपासून घ्यावं, चुकत असेन तर घरी पाठवावं. विहीणबाईंना विचारलं, येता का. म्हणाल्या येते, पण बोलणार अहिराणीतच, आणि बोंडलं स्वतःचं आणणार, दवाखान्याचं नको.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव